भाडेकरूचे सामान विम्याच्या छत्राबाहेर : हप्ता थोडा, माहिती त्याहून थोडी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वडोदरा शहरात शिरले. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातील वसाहतींत मुठेचे पाणी आले. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरात चेन्नईने मिचौंग चक्रीवादळाचा तडाखा सोसला, तर त्याच वर्षी १३ जुलैला दिल्लीत यमुनेने २०८.६६ मीटर ही विक्रमी पातळी गाठली. या प्रत्येक आपत्तीनंतर पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या आणि वाहनविम्याच्या दाव्यांसाठी रांगाही लागल्या. मात्र तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात भिजलेला फ्रीज, फुगलेले कपाट, मुलांची पुस्तके, शिलाई यंत्र आणि संगणक यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी कोणाच्याच वहीत चढला नाही. घर मालकाचे होते, इमारतीचा विमा असलाच तर तोही मालकाचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा होता. सामान मात्र भाडेकरूचे होते आणि त्याला विमा नव्हता.

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या नागरी भागातील सुमारे २७ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्यानंतर नोकरी आणि शिक्षणासाठी होणारे स्थलांतर वाढतच गेले आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०४७ पर्यंत ‘सर्वांसाठी विमा’ हे ध्येय ठेवले आहे. आयुर्विमा सोडून इतर सर्व विम्यांचा एकत्रित हप्ता अजूनही देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याच्या आसपास घुटमळतो आणि त्यातला मोठा भाग आरोग्य व वाहन विम्याचा असतो. घरविम्याचा वाटा त्यात किरकोळ आहे आणि घरविमा घेणाऱ्यांतही भाडेकरू विरळाच. या स्थितीमागे तीन कारणे दिसतात : अशी सोय आहे हेच ठाऊक नसणे, ती महाग असेल हा समज, आणि ती विकण्यात कोणालाच फारसा रस नसणे.

मालकाचा विमा भाडेकरूला का उपयोगी पडत नाही

विम्याचे एक मूलतत्त्व असे की, ज्या वस्तूच्या नाशाने एखाद्याचे आर्थिक नुकसान होते तिचाच विमा त्याला उतरवता येतो. याला विमायोग्य हितसंबंध म्हणतात. घरमालकाचा हितसंबंध भिंती, छत, फरशी, नळजोडणी आणि त्याने स्वतः बसवलेल्या वस्तूंत असतो. भाडेकरूच्या दूरचित्रवाणी संचात किंवा कपड्यांत तो नसतो. त्यामुळे मालकाने गृहकर्जासोबत घेतलेली पॉलिसी कितीही मोठ्या रकमेची असली, तरी भाडेकरूच्या सामानासाठी तिच्यातून एक रुपयाही मिळत नाही. गृहनिर्माण संस्थेने संपूर्ण इमारतीसाठी घेतलेल्या विम्याचेही तेच.

उलट, मालकाचा विमा प्रसंगी भाडेकरूच्या विरोधातही उभा राहू शकतो. विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली की, नुकसानीस जबाबदार असलेल्या व्यक्तीकडून ती रक्कम वसूल करण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे येतो. गॅसची शेगडी चालू राहिल्याने किंवा जोडणीवर भलताच भार टाकल्याने आग लागली आणि त्यात भाडेकरूचा हलगर्जीपणा सिद्ध झाला, तर कंपनी त्याच्याकडे बोट दाखवू शकते. अशा वेळी सामान गेलेले असतेच, शिवाय दुसऱ्याच्या भिंतींचे देणेही मानेवर येते.

सरकारी मदतीचा आधार किती पुरतो, हेही पाहण्यासारखे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, मैदानी भागातील पूर्णतः उद्ध्वस्त पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरवलेली आहे. ही मदत घर पुन्हा उभारण्यासाठी आहे, म्हणून ती स्वाभाविकपणे घराच्या मालकाकडे जाते. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले, तर कपड्यांसाठी प्रति कुटुंब २,५०० रुपये आणि भांडी व गृहोपयोगी वस्तूंसाठी २,५०० रुपये अशी तरतूद आहे. राज्य सरकारे कधी कधी आपल्या तिजोरीतून त्यात भर घालतात. तरीही पाण्याखाली गेलेल्या एका धुलाई यंत्राच्या किमतीशी या रकमेची तुलना केली की अंतर लक्षात येते. शिवाय पाणी दीड दिवसात ओसरले, तर निकषानुसार तेवढीही रक्कम हाती येत नाही. सामान मात्र दीड तासातही निकामी होते.

कायदा काय म्हणतो

भाडेकरूची जबाबदारी कोठवर जाते, हे त्याच्या कराराच्या स्वरूपावर ठरते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार पट्टेदाराने जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत करायची असते. मात्र नेहमीच्या वापराची झीज आणि अनिवार्य शक्तीमुळे झालेली हानी यांतून त्याला सूट आहे. आग, वादळ, पूर किंवा दंगल यामुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट होऊन ती वापरण्याजोगी राहिली नाही, तर पट्टा रद्द करण्याचा पर्यायही हेच कलम पट्टेदाराला देते. अर्थात नुकसान त्याच्याच चुकीने झाले असेल तर ही सवलत मिळत नाही.

मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर आदी शहरांत राहणाऱ्या बहुसंख्य भाडेकरूंचा करार मात्र पट्ट्याचा नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवान्याचा असतो. त्याचा पाया १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. परवान्यात जागेवर हक्क निर्माण होत नाही, केवळ वापराची अनुमती मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारात अनामत रक्कम, भाडेवाढ, दुरुस्ती आणि सूचनेचा कालावधी यांवर तपशीलवार कलमे असतात. विम्याविषयी बहुधा एक ओळही नसते. नुकसान झाले तर कोणाचे काय, हा प्रश्न मग अनामत परत करण्याच्या वेळी उभा राहतो आणि तो वादातच सुटतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्याला मान्यता दिली. निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, करार लेखी असावा आणि तो भाडे प्राधिकरणाकडे कळवला जावा, अशा त्यातील तरतुदी आहेत. जागा हा राज्यांचा विषय असल्याने त्याचा स्वीकार राज्यांवर अवलंबून आहे. दुरुस्तीची कामे मालक आणि भाडेकरू यांच्यात कशी वाटावीत याची यादीही या मसुद्यात आहे. विम्याच्या जबाबदारीची अशी स्पष्ट वाटणी भारतातील भाडेव्यवहारात अजून रुजलेली नाही.

पॉलिसीत काय मिळते

भाडेकरूंसाठी ‘रेंटर्स इन्शुरन्स’ या नावाची वेगळी पॉलिसी काही कंपन्या विकतात. तिच्या आधी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी. आगविमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने ती उपलब्ध करून द्यावी, असे नियामकाचे बंधन आहे. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांत सारख्या आहेत. इमारत, इमारत आणि सामान, किंवा केवळ सामान अशा तिन्ही प्रकारे ती घेता येते. यातला तिसरा प्रकार भाडेकरूच्या कामाचा.

आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे, वणवा, वाहन वा झाड आदळून झालेले नुकसान, दंगल, संप, दुष्ट हेतूने केलेली मोडतोड, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे ही कारणे तिच्या मूळ संरक्षणात येतात. पूर आणि भूकंप यांसाठी वेगळे पैसे मोजून जोडसंरक्षण घ्यावे लागत नाही, ही या पॉलिसीची मोठी जमेची बाजू आहे. अमेरिकेत भाडेकरू विमा घरोघरी पोचलेला आहे आणि अनेक घरमालक तो घेतल्याशिवाय चावी देत नाहीत. पण तिथल्या नेहमीच्या पॉलिसीत पूर आणि भूकंप दोन्ही वगळलेले असतात. पुरासाठी तिथे बहुतांश लोकांना संघराज्य सरकारच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाकडे वेगळे वळावे लागते. ज्या देशात भाडेकरूचे सामान सर्वाधिक पावसाच्या पाण्यानेच जाते, तिथे पूर मूळ संरक्षणात असणे ही किरकोळ सोय नव्हे.

दुसरी जमेची बाजू अल्पविम्याविषयीची. नेहमीच्या मालमत्ता विम्यात एक कडक नियम असतो. समजा, घरातील सामान ८ लाख रुपयांचे आहे आणि विमा ४ लाखांचाच उतरवला आहे. अशा वेळी २ लाखांचे नुकसान झाले तर कंपनी निम्मेच, म्हणजे १ लाख रुपये देते, कारण मालमत्तेच्या निम्म्या भागाचाच विमा होता असे ती धरते. भारत गृह रक्षा पॉलिसीत हा नियम माफ केलेला आहे. विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळते. घरफोडीच्या किंवा इतर खासगी पॉलिसींत मात्र जुना नियम कायम असू शकतो.

दागिने आणि कलावस्तू सर्वसाधारण सामानात धरल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण आहे आणि ते आधी मान्य केलेल्या किमतीवर मिळते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कोणत्याही एका वस्तूची किंमत १ लाखांपर्यंत असेल, तर मूल्यांकन प्रमाणपत्राची अट शिथिल आहे. विमाधारक आणि जोडीदाराचा विमित दुर्घटनेत मृत्यू झाल्यास प्रत्येकी ५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही ऐच्छिक स्वरूपात घेता येते.

घर राहण्याजोगे नसताना पर्यायी निवाऱ्याच्या भाड्याची तरतूदही प्रमाणित पॉलिसीत आहे. भाडेकरूच्या बाबतीत नव्या जागेचे वाढीव भाडे, म्हणजे दोन भाड्यांतील फरक, असे तिचे स्वरूप आहे. पण ही तरतूद इमारतीच्या संरक्षणाशी जोडलेली आहे. केवळ सामानाचा विमा घेणाऱ्याने ती आपल्याला लागू होते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घेणे आवश्यक आहे. खासगी पॉलिसींपैकी काहींत स्थलांतराचा खर्च, किल्ल्या हरवणे आणि घरमालकाप्रती असलेले दायित्व यांचा समावेश असतो. आधी सांगितलेल्या वसुलीच्या धोक्यावर उपाय हवा असेल तर यातले शेवटचे संरक्षण महत्त्वाचे.

फसगत कोठे होते

भाडेकरू विमा घेणाऱ्याच्या मनात पहिली भीती चोरीची असते आणि नेमकी तिथेच सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. भारत गृह रक्षा पॉलिसीत चोरीचे संरक्षण आहे, पण ते पूर, आग, दंगल अशा विमित घटनेमुळे झालेल्या आणि त्या घटनेपासून सात दिवसांत झालेल्या चोरीपुरते. पुरामुळे घर सोडावे लागले आणि मागे सामान चोरीला गेले, तर ती रक्कम मिळते. सुटीसाठी गावी गेले असताना कुलूप तोडून झालेल्या चोरीची मात्र या पॉलिसीत सोय नाही. त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

घरफोडीच्या संरक्षणालाही आपले कंगोरे आहेत. बळजबरीने प्रवेश केल्याची खूण असावी, अशी अट बहुधा असते. दार उघडे राहिले आणि कोणी आत येऊन लॅपटॉप उचलून नेला, तर ती घरफोडी ठरत नाही. घरकामासाठी येणाऱ्या व्यक्तीने किंवा खोलीतल्या जोडीदाराने केलेली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते किंवा त्यासाठी जादा हप्ता लागतो. घर सलग ठरावीक दिवस, बहुधा तीस दिवस, बंद राहिले तर संरक्षण थांबते, अशीही अट अनेक ठिकाणी आढळते. दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर गावी जाणाऱ्या कुटुंबांनी ही ओळ शोधून वाचायला हवी.

विजेच्या उपकरणांचा अपवादही असाच नजरेतून सुटतो. शॉर्ट सर्किट किंवा विद्युतदाबातील चढउताराने एखादे उपकरण जळाले, तर त्या उपकरणाची भरपाई मूळ पॉलिसीत मिळत नाही. त्यातून आग पसरून शेजारचे फर्निचर जळाले, तर फर्निचरची मिळते. उपकरणांच्या बिघाडासाठी वेगळे संरक्षण असते. रोख रक्कम, नाणी, धनादेश, रोखे, कागदपत्रे, हस्तलिखिते, न जडवलेली रत्ने आणि वाहने ही सामानात मोडत नाहीत. युद्ध, अणुदुर्घटना, जाणूनबुजून केलेले नुकसान आणि काळाच्या ओघात झालेली झीज हे अपवाद सर्वत्र असतात. भिंतीतून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीने कपाट कुजले, तर तो नळ फुटण्याचा प्रसंग मानला जात नाही.

सजवलेल्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पलंग, सोफा, वातानुकूलन यंत्र मालकाचे आणि उरलेले भाडेकरूचे, अशा घरात कोणत्या वस्तूचा विमा कोणी घ्यायचा याची यादी कराराला जोडली नाही, तर दाव्याच्या वेळी दोघेही अडतात. एकाच सदनिकेत चार सहकारी राहत असतील आणि पॉलिसी एकाच्या नावे असेल, तर उरलेल्या तिघांचे सामान तिच्यात आपोआप येत नाही. पुण्यात, बंगळुरूत किंवा हैदराबादेत एकत्र राहणाऱ्या नोकरदार तरुणांपैकी प्रत्येकाने स्वतंत्र विचार करावा लागतो.

खर्च कसा ठरतो

सामानाच्या विम्याचा हप्ता विमा रकमेच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे किंवा रुपये या हिशेबाने आकारला जातो. दर कंपनीगणिक बदलतात. घराचे ठिकाण, बांधकामाचा प्रकार, त्या परिसराचा पूर व भूकंपाचा इतिहास आणि निवडलेली जोडसंरक्षणे यांवर ते अवलंबून असतात. भूकंपाच्या दृष्टीने गुवाहाटी अतितीव्र धोक्याच्या पट्ट्यात, दिल्ली त्याखालोखाल, मुंबई-पुणे मध्यम आणि नागपूर-बंगळुरू कमी धोक्याच्या पट्ट्यात धरले जात आले आहेत. म्हणून सारख्याच सामानासाठी या शहरांतील हप्ता सारखा असेलच असे नाही. कच्च्या बांधकामातील घरांना विमा मिळणे अवघड जाते किंवा दर चढा लागतो.

हिशेब समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. यातील दर केवळ गृहीत धरलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा, सामानाची किंमत ६ लाख रुपये आहे. आग, पूर आदी धोक्यांसाठी दर हजारी ५० पैसे आणि घरफोडीसाठी दर हजारी १ रुपया असा दर मिळाला. तर पहिल्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ६०० मिळून ९०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १६२ रुपये. एकूण वार्षिक खर्च १,०६२ रुपये, महिन्याला सुमारे ८९ रुपये. यात दागिने जोडले किंवा दायित्वाचे संरक्षण वाढवले तर आकडा चढतो. घरफोडी वगळली तर तो जवळपास एक तृतीयांशावर येतो. प्रत्यक्ष दर यापेक्षा कमी-अधिक असले तरी कोणता भाग हप्ता वाढवतो, हे या मांडणीवरून कळते.

कराचा मुद्दा अलीकडच्या निर्णयामुळे अधिक ठळक झाला आहे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाले. घरविमा आणि सामानाचा विमा या सवलतीत आले नाहीत. त्यांच्यावर १८ टक्के कर कायम आहे. एक हजाराच्या हप्त्यावर १८० रुपये ही रक्कम मोठी नाही, पण ज्या संरक्षणाचा प्रसार अत्यल्प आहे आणि ज्याचा लाभ प्रामुख्याने मध्यम व अल्प उत्पन्न गटाला होऊ शकतो, त्यालाच सवलतीबाहेर का ठेवावे, हा प्रश्न धोरणकर्त्यांसमोर राहतो. आपत्तीनंतर सरकारी तिजोरीवर पडणारा मदतीचा भार विमा काही अंशी हलका करू शकतो, हा युक्तिवाद आरोग्यविम्याइतकाच इथेही लागू पडतो.

विकणारा का फिरकत नाही

हप्ता इतका कमी असूनही मागणी का नाही, या प्रश्नाचे उत्तर अंशतः त्याच कमीपणात आहे. वर्षाला ३०० रुपयांच्या पॉलिसीवर विक्रेत्याला पंधरा-वीस टक्के मोबदला मिळाला, असे धरले तरी ती रक्कम साठ रुपयांवर जात नाही. तेवढ्यासाठी अर्ज भरून घेणे, सामानाची यादी करणे आणि पुढच्या वर्षी आठवण करून देणे कोणाला परवडत नाही. गृहकर्जासोबत घराचा विमा विकला जातो, कारण तिथे बँकेचे हित गुंतलेले असते. वाहनविमा कायद्याने सक्तीचा आहे. भाडेकरूच्या सामानामागे ना बँक उभी आहे, ना कायदा, ना घरमालक.

कंपन्यांची अडचणही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अकरा महिन्यांच्या करारांमुळे पत्ते सतत बदलतात. सामानाच्या किमतीचा पुरावा क्वचितच जपलेला असतो. चोरीच्या दाव्यांत खरेखोटे ठरवणे कठीण जाते. त्यामुळे संरक्षण मर्यादित ठेवायचे आणि अटी वाढवायच्या, अशी वृत्ती बळावते. अटी वाढल्या की दावे नाकारले जातात आणि नाकारलेल्या दाव्याची गोष्ट दहा संभाव्य ग्राहकांना दूर ठेवते. हे चक्र तोडायचे असेल तर पॉलिसी भाडेव्यवहाराच्या वाटेवरच ठेवावी लागेल. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन होते. त्या टप्प्यावर भाडेकरूला प्रमाणित पॉलिसीची माहिती मराठीत दाखवली, तर विक्रीचा खर्च जवळजवळ उरणार नाही. मात्र ती निवड ऐच्छिकच राहायला हवी, अन्यथा अनामत आणि दलालीच्या ओझ्यात आणखी एका सक्तीची भर पडेल.

दाव्याची वाट

विम्याची खरी परीक्षा दाव्याच्या दिवशी होते. वाहन वगळता इतर मालमत्तेच्या १ लाख रुपयांहून मोठ्या दाव्यांत परवानाधारक सर्वेक्षकाची नेमणूक केली जाते. जून २०२४ मधील नियामकाच्या परिपत्रकाने सर्वसाधारण विमा कंपन्यांवर कालमर्यादा घातल्या आहेत. सर्वेक्षकाची नेमणूक २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत, असा तो क्रम आहे. कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये आणि जी कागदपत्रे खरोखर आवश्यक आहेत ती पॉलिसी देतानाच मागून घ्यावीत, असेही त्यात म्हटले आहे. पॉलिसीसोबत सोप्या भाषेतील ग्राहक माहितीपत्रक देणे आता अपेक्षित आहे.

याच परिपत्रकातील आणखी एक तरतूद भाडेकरूंना विशेष उपयोगी आहे. ग्राहक कारण न सांगता पॉलिसी रद्द करू शकतो आणि दावा झालेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. पॉलिसी घराच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने घर बदलताच कंपनीला कळवून पत्ता दुरुस्त करून घ्यावा लागतो. ते न केल्यास नव्या घरातील नुकसानीवर दावा टिकत नाही. अकरा महिन्यांनी घर बदलावे लागेल म्हणून वर्षाचा विमा कशाला, ही शंका या दोन सोयींमुळे बरीचशी निकालात निघते.

तक्रार असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे लागते. तिथे महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपालाला ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारींवर निर्णय देता येतो आणि महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. त्यासाठी वकिलाची गरज नसते. ग्राहक आयोगाचा मार्ग स्वतंत्रपणे खुला राहतो.

दावा टिकवणारी तयारी मात्र नुकसानीच्या आधी करायची असते. घरातील प्रत्येक खोलीचे चित्रीकरण, महागड्या वस्तूंची बिले आणि अनुक्रमांक यांची प्रत घराबाहेर, म्हणजे मोबाइलपलीकडे एखाद्या ऑनलाइन साठ्यात ठेवणे हे पहिले काम. नोंदणीकृत भाडेकरार हा दुसरा पुरावा, कारण त्या पत्त्यावर वास्तव्य होते हे त्यावरूनच सिद्ध होते. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी असेल तर पोलिसांकडील प्रथम खबर आणि पूर असेल तर महसूल यंत्रणेचा पंचनामा हाती असावा. भिजलेले सामान सर्वेक्षकाने पाहण्याआधी भंगारात देणे ही पुरानंतर होणारी नेहमीची चूक आहे. घर स्वच्छ करण्याची घाई समजण्याजोगी असली, तरी किमान छायाचित्रे आणि कंपनीला दिलेली सूचना यांआधी वस्तू हलवू नयेत.

प्रत्येक भाडेकरूने विमा घ्यावाच असे या हिशेबावरून निघत नाही. दोन पेट्या आणि एक गादी घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला फार तर लॅपटॉपच्या वेगळ्या संरक्षणाची गरज असते. उंच मजल्यावर राहणाऱ्याला पुराचा धोका कमी आणि घरफोडीचा किंवा आगीचा तुलनेने महत्त्वाचा. नदीकाठच्या किंवा सखल भागातील तळमजल्यावरच्या कुटुंबाला मात्र वर्षाला काही शे रुपयांचा हा खर्च टाळणे महागात पडू शकते. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे आणि २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घरांत शिरले. या तिन्ही ठिकाणी पाणी मालकाच्या घरात आणि भाडेकरूच्या घरात सारखेच चढले होते. पुढच्या पावसाळ्याआधी घरमालकाशी होणाऱ्या करारात सामानाची यादी आणि विम्याची एक ओळ आली, तर त्यानंतरच्या पंचनाम्यात भाडेकरूच्या नुकसानीला निदान एक जागा मिळेल.